बांधून ठेवलेली झोळी

१

घरात दुसरं माणूस नसलं की पहिली पंचाईत पाठीची होते. घामोळ्यांवर पावडर लावायची तर हात पोचत नाही, आणि मूल पाठीशी बांधायचं म्हटलं तर ते मागून चढवून द्यायला कोणी नसतं. लग्नाआधी मी गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते, बी.एस्सी. झालेली होते, आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. पाठीचं हे मात्र मला मितू झाल्यावर कळलं.

माझा नवरा राजदीप नागझिरा अभयारण्याच्या गेटवर पर्यटकांची जिप्सी चालवतो. सीझनभर तिकडेच खोली करून राहतो आणि सुट्टी मिळाली की येतो. सासूसासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले. आमच्या वस्तीच्या, टोलीच्या शेवटी, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या पाळीला लागून आमचं घरकुल आहे, दोन खोल्या आणि पुढे सपरी, उघडी ओसरी. मार्च लागला की टोलीतल्या बाया पहाटेच मोहफुलं वेचायला जंगलात जातात. मग ऊन चढेपर्यंत इथे मी, मितू आणि बोडीतले बगळे. बोलायला कोणी नाही म्हणून मी कुकरशी भांडते, आणि तो शिट्टी मारून उत्तर देतो एवढंच काय ते समाधान.

मितू म्हणजे संघमित्रा, सात महिन्यांची. खाली ठेवली की रडणार, कडेवर घेतली की माझा एक हात गेला. म्हणून मी मोबाइलवर उपाय शोधायला बसले आणि भलतंच जग सापडलं. पुण्यामुंबईच्या आयांचा एक ग्रुप होता आणि मूल अंगाशी बांधण्यावर त्यात जी चर्चा चाले ती काही विचारू नका. मेक्सिकोतल्या बायकांची लांब शाल, पेरूतल्यांचं रंगीबेरंगी चौकोनी कापड, केनियातला कांगा, जपानी पट्ट्यांची झोळी. बर्फात राहणाऱ्या बायका तर कोटाच्या टोपीतच मूल ठेवतात. मी सगळे व्हिडिओ पाहिले. एक गोष्ट बहुतेक सगळ्यांत होती. मूल पाठीवर घेताना मागे दुसरी कुणी बाई उभी असे, आई, बहीण नाहीतर शेजारीण. ती हात लावी आणि मग गाठ बसे. ते पाहून मला फार एकटं वाटायचं आणि मी व्हिडिओ पुढे ढकलायचे.

शेवटी शामकला मावशी आली. ती बोडीच्या पलीकडे एकटीच राहते. काटकुळी, वाळलेली म्हातारी. डावा हात कोपरात दुमडून कायम छातीशी धरलेला. कधीतरी लकवा मारून गेला असावा असं मी समजून होते. मी तिला मोबाइल दाखवला तेव्हा ती म्हणाली, "हे तं आमच्या आजीबी करे. याच्यात मोबाइलात पाहासारखं काय आहे?"

मी गोंदियाच्या बाजारातून मीटरवर घेतलेलं सुती कापड काढलं. तिने उजव्या हाताने आणि दाताने धरून ते माझ्या एका खांद्यावरून दुसऱ्या बगलेखाली आणलं, मितूला माझ्या पाठीवर सरकवलं आणि छातीवर गाठ मारली. पोरगी घटकेत झोपली. मला तर रडूच आलं.

जाता जाता मावशी म्हणाली, "पोट्टी काढली का आंधी गाठ सोडजो. रिकामी झोरी बांधून ठेवू नोको."

"काऊन?"

"जागा दिसली का बसते."

"कोण, उंदीर?"

"कोनीबी," ती म्हणाली आणि पाळीवरून निघून गेली.

आमच्या घरात भूत-भानामती चालत नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि पटल्याशिवाय मानायचं नाही हे मी लहानपणापासून विहारात ऐकत आलेय. शिवाय अडचण साधी होती. मावशी रोज येणार नव्हती, आणि दर वेळी नवी गाठ मारायला मला दुसरे हात नव्हते. गाठ तशीच ठेवली तर कापडाचा मोठा फेरा तयार राही. तो गळ्यात घालायचा, मितूला कुशीतून आत बसवायचं आणि हळूच मागे सरकवायचं. एकटीला जमे. काम झालं की मी तो फेरा गाठीसकट स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवून ठेवू लागले.

२

बरेच दिवस सगळं छान चाललं. मग एका दुपारी मितूला खाटेवर निजवून मी कपडे वाळत घालून आले आणि पाणी प्यायला आत गेले. दारामागचं कापड खालून फुगलेलं दिसलं, अगदी मूल बसतं तेवढ्या जागी.

सुती कापड ताणलं की तसंच राहतं, हे मी स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे. मी हाताने ते सपाट केलं. हाताला ऊब लागली. ऊन लागत असेल म्हणून मी खिळ्याखालची भिंत चाचपली. ती सावलीतली, गार होती. मी कापडाला पुन्हा हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मितूला आत बसवताना तिचे पाय खाली जाईनात. मी वाकून पाहिलं. कापड मोकळं होतं, गुंता नव्हता. तिला जरा दाबून बसवलं तर ती कुरकुरली आणि एका बाजूला सरली. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा आला की आपण सरतो ना, तशीच सरली. पाठीवर घेतल्यावरही ती मधोमध नव्हती. तिचं डोकं रोज माझ्या मानेच्या मध्यावर येई, ते आता डाव्या खांद्याकडे आलं होतं. उजवीकडेही माझ्या पाठीला काहीतरी टेकलेलं होतं.

घडी पडली असेल, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कारण घर फार शांत होतं.

त्या आठवड्यात माझे खांदे भरून आले. ग्रुपवर विचारलं तर एका बाईने लिहिलं, बाळ मोठं होतंय, वजन वाढतंय, अभिनंदन! खाली तीन फुलं टाकली होती. मी मितूचे हातपाय चाचपले. मनगटावरच्या वळ्या कुठे गेल्या होत्या ते मला कळेना.

३

अंगणवाडीत महिन्याला वजनं होतात. छताच्या आकड्याला गोल तबकडीचा काटा टांगलेला असतो आणि खाली मुलाला बसवायची कापडी चड्डी. अंगणवाडीची नंदाबाई खमकी बाई आहे, सगळ्या टोलीची पोरं तिच्या हाताखालून गेलेली. मी उशिरा पोचले, बाकीच्या बाया वजन करून गेल्या होत्या.

मितू झोळीतून निघायलाच तयार नव्हती. तिने कापड मुठीत धरून आकांत केला.

"राहू दे न, कायले रडवतं तिले?" नंदाबाई म्हणाली. "कापडासकट टांगू. मंग कापडाचं वजन वजा करू."

मी मितूसकट फेरा काढून काट्याच्या आकड्याला लावला. काटा दहाच्या पुढे गेला. नंदाबाई खुश झाली, "वा! काय खाऊ घालून राहिली वो पोरीले?" मग मी मितूला अलगद बाहेर काढलं. आता काटा जवळजवळ शून्यावर यायला हवा होता.

तो चारच्या पुढे थांबला.

कापड लोंबत होतं आणि हळूहळू डोलत होतं. अंगणवाडीचा पंखा बंद होता, वीज सकाळपासूनच नव्हती.

"काटा बिघडला असन," नंदाबाई म्हणाली.

लॅबमधली सवय, मला राहवलं नाही. मी फेरा काढून घेतला, तिच्या कपाटातून डाळीचं सीलबंद एक किलोचं पाकीट घेतलं आणि आकड्याला अडकवलं. काटा बरोबर एकवर थांबला. नंदाबाईने मितूला माझ्याकडून घेतलं, चड्डीत बसवलं आणि टांगलं. गेल्या महिन्यात पोरगी सात किलो होती. आता सहाही भरत नव्हती.

नंदाबाईने काटा परत एकदा वाचला. मग माझ्या खांद्यावरच्या कापडाकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे झाली. "दूध येते न तुले?" तिने विचारलं. आवाज एकदम मऊ झाला होता. "दवाखान्यात दाखव. अन् हे... हे घेऊन येत नोको जाऊ इथं. बाकीचे लेकरं असते."

४

डॉक्टरने मितूला तपासलं, सगळं नॉर्मल आहे म्हणाला आणि एक टॉनिक लिहून दिलं. मी राजदीपला फोन लावला. त्याचा आवाज तुटत तुटत येत होता. मी सांगितलं पोरगी वाळून राहिली आहे. तो म्हणाला, दात येत असतील. मी सांगितलं कापड जड झालंय. तो म्हणाला, "स्नेहल, तू झोपत जाय जरा. मी येतोच सुट्टी भेटली का." तो वाईट माणूस नाही. पण तेव्हा मला वाटलं, हा फोन मी ठेवला की जगात माझं कोणी नाही.

झोळीत न घालता मितूला आता मी हातावरच घेत होते. तिचं वजन हाताला लागतच नसे. ती रडायचीही कमी झाली. खाटेवर पडल्या पडल्या दारामागच्या खिळ्याकडे पाहत राही. हसत नव्हती की घाबरत नव्हती, नुसती पाहत होती. माझी पोरगी माझ्या डोळ्यांसमोर उतरत चालली होती आणि मला त्याचं कारण कोणाला तोंड उघडून सांगता येत नव्हतं.

कापड फेकून द्यावं असंही मनात आलं. ते घेऊन मी बोडीच्या काठापर्यंत गेलेही. मग विचार आला, मितूचं जे कमी झालं ते यातच असेल तर? असलं काही मी मानत नाही. तरी पाण्यात टाकायला हात धजेना. मी परत येऊन ते खिळ्याला लावलं आणि गाठ सोडायला बसले.

गाठ सुटेना. रोजच्या ओढीने ती सुपारीएवढी घट्ट झाली होती. नखं तुटली, चमच्याचा दांडा घालून पाहिला. शेवटी मी कात्री घेतली.

"काटू नोको."

शामकला मावशी सपरीत उभी होती. कधी आली होती कोण जाणे. ओच्यात थोडी मोहफुलं होती आणि डावा हात नेहमीसारखा छातीशी.

"काऊन नाही?" मी ओरडलेच. "माह्या घरचं कापड आहे, मी काटीन नाहीतर जाळीन!"

"काटलं तं ते पडंल," ती म्हणाली.

माझी नजर आपोआप कापडाच्या फुगीर भागाकडे गेली आणि तिथून खालच्या फरशीकडे. कात्री मी हळूच ओट्यावर ठेवली.

मावशी उंबऱ्याशी बसली. आत काही आली नाही. "भार लटकते तवा गाठ आवळते," ती म्हणाली. "पाठीवरून पोट्टं उतरवतानी कसं करते बाया? एक जन खालून उचलून धरते, दुसरी सोडते. भार उचलला का गाठ सैल पडते."

"मग तुम्ही धरा न, मावशी. मी सोडते."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत नाही म्हणण्याचं दुःख होतं, ते मला तेव्हाही दिसलं.

"मले एकच हात रिकामा आहे, बाई," ती म्हणाली. "त्याच्यावरच माहं सारं चालते."

५

मी ते दुसऱ्या दिवशी भर दुपारी केलं. बाया जंगलातून येऊन जेवून पडल्या होत्या आणि टोलीत कुत्रंही भुंकत नव्हतं. मितूला सतरंजीवर, मला दिसेल अशी निजवली. ती पालथं पडायचं विसरून गेली होती. ठेवली तशी पडून राहिली.

मी खिळ्याजवळ गेले. रोज मूल घेणाऱ्या बाईचा हात आपण होऊन जातो तिथे माझा डावा हात गेला. कापडाखाली, कोपरात वाकवून. आणि मी वर उचललं.

हाताला जे लागलं ते मला पूर्ण सांगता येणार नाही. बसलेल्या मुलाची बैठक असते तशी बैठक होती. मांडी दुमडलेली. कापडातून मनगटावर गरम श्वास आला, थांबला, परत आला. मी तोंडाने काहीतरी बोलत होते. कुकरला शिव्या देत असेन, नाहीतर मितूची अंगाई म्हणत असेन, नक्की आठवत नाही. उजव्या हाताची बोटं गाठीत घातली. ती सहज सुटली, जणू कधी घट्ट नव्हतीच.

कापड घसरून फरशीवर पडलं. सपाट, रिकामं, मीटरवर घेतलेलं एक कापड.

माझा डावा हात खाली आला नाही. त्यावर भार तसाच होता. हाताकडे पाहिलं तर नुसता हात, कोपराची घडी, बांगड्या. तेवढ्यात ब्लाउजच्या बाहीला, दंडापाशी, आतल्या बाजूने चिमूट धरल्यासारखी घडी पडली आणि तशीच राहिली. एवढ्याएवढ्या बोटांनी धरली असावी अशी बारीक घडी. मग दंडावर काहीतरी टेकलं, डोकं टेकतं तसं.

मी घाबरून वाकले आणि हात सतरंजीवर उतरवू लागले. भार खाली टेकतो न टेकतो तोच मितू न रडता बाजूला सरकली. जागा करून दिली. तिचे डोळे मिटायला लागले.

मी हात परत उचलला, छातीशी धरला आणि उभी राहिले. मितूने डोळे उघडले. मग तिने भोकाड पसरलं, कितीतरी दिवसांनी, भुकेलं, खणखणीत. दोन्ही हात वर करून ती मला उचल म्हणत होती. मी तिला एका हाताने उचललं. तिला फार जोराची भूक लागली होती.

६

पुढच्या महिन्यात मितू साडेसात भरली. नंदाबाईने तिची पापी घेतली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तूच वाळून राहिली वो आता." माझे सगळे ब्लाउज सैल झालेत. दोनदा टिपा मारून आणले.

राजदीप आला तेव्हा त्याने दोन दिवस पाहिलं आणि मग विचारलं, सगळं एका हाताने काऊन करतेस. दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. त्याने तेल लावून हात सरळ करायचा प्रयत्न केला. मी किंचाळले तसा बिचारा रडकुंडीला आला. जाताना तो मितूसाठी नागपूरहून मागवलेलं महागाचं बेबी कॅरिअर देऊन गेला. चांगल्या मनाने आणलं होतं. उघडून, पट्टे जोडून, बकलं लावून त्याने ते दारामागच्या खिळ्यावर टांगलं होतं. त्याची मोटारसायकल पाळीवरून वळायच्या आत मी एका हाताने कॅरिअरची सगळी बकलं सोडली.

आता संध्याकाळी शामकला मावशी येऊन बसते. पूर्वी यायची नाही अशी. आम्ही दोघी सपरीच्या पायरीवर बसतो. ती उजव्या हाताने मोहफुलं निवडते, मी उजव्या हाताने तांदूळ. बोलणं फार होत नाही. काल मितू आमच्यासमोर टक्क जागी, रांगत जाऊन कोंबडीची शेपूट धरायच्या खटपटीत होती. मावशीने फुलं निवडता निवडता माझ्या डाव्या कोपराकडे पाहिलं. पदराने स्वतःच्या डाव्या कोपरावरची माशी वारली.

"झोपलं का?" तिने हळू आवाजात विचारलं.

"आत्ताच," मी म्हटलं.